राजाचा कोरडा हात

एका राज्यात पाणी ओले नव्हते.

नदी होती, तिला पूर येत असे. विहिरी होत्या, त्या काठोकाठ भरत. पाऊसही वेळच्या वेळी येई. पण त्या पाण्यात हात घातला तर तो कोरडाच बाहेर निघे. अंगावर घागर ओतली तर पाण्याचे गोल गोल मणी होऊन ते टपटपत खाली घरंगळे, आणि न्हाणारा होता तसाच, धुळीसकट उभा राही. परातीत पाणी घातले तर पिठावर गोळ्या नाचू लागत. कणीक काही मळली जात नसे. मुले तेवढी खूश होती. ती पाण्याच्या गोट्या खेळत.

प्रारंभी थोरांनाही मौज वाटली. भर पावसात हिंडावे आणि घरी आल्यावर पदरसुद्धा पिळावा लागू नये, याहून सुख ते कोणते? छपरे गळेनात, वाटेत चिखल होईना. मग एकेकाचे डोळे उघडू लागले. परटाची धुणी मळकी ती मळकीच राहिली. कुंभाराची माती चाकावर धरेना. रंगाऱ्याच्या कढईतून लुगडे पांढरे शुभ्र निघू लागले. शेतातला पाऊस ढेकळांवरून घरंगळत ओढ्याला गेला आणि ढेकूळ फोडले तर आत नुसती धूळ. पेरलेले भात जसेच्या तसे पडून राहिले. पिण्याचे पाणी तेवढे घशाखाली उतरले की शहाण्यासारखे वागे, कारण ज्याने हा शाप दिला तो रागीट होता, दुष्ट नव्हता.

शाप का पडला, तेही ऐका. त्या राज्याचा राजा धवलकीर्ती मनाने चांगला, न्यायाला पक्का, पण कपड्यांचा भारी शौकीन. डाग हा शब्द कानी पडला तरी त्याच्या कपाळाला आठी पडे. जेवायला बसला की वाटीतल्या आमटीकडे तो शत्रूच्या सैन्याकडे पाहावे तसा पाही. एका साली राजतळे आटले, तेव्हा कूपनाथ नावाच्या मांत्रिकाने तळ्याचे बुजलेले झरे मंत्राने मोकळे करून दिले. राजाने आनंदाने त्याला तळ्याकाठची जांभळीची राई द्यायचे कबूल केले.

आता त्या राज्यात दान देण्याची एक रीत होती. देणाऱ्याने उजवा तळवा पुढे करायचा, त्यावर झारीतून पाणी सोडायचे, आणि ते पाणी तळवा भिजवून घेणाऱ्याच्या ओंजळीत पडायचे. हात ओला झाला की दान झाले. कोरड्या हाताने दिलेले तिथे कोणी दिलेले मानत नसे.

दानाच्या दिवशी राजाने नवी डाळिंबी शाल पांघरली होती. लोकर अशी तलम की सगळी शाल मुठीत मावावी. पण रंग कच्चा, एक थेंब पडला तरी फुटेल असा. राजाने कोणाला न सांगता तुपात मेण खलले आणि ते तळव्याला, मनगटाला चोपडून घेतले. झारीचे पाणी आले, राजाच्या तळव्यावरून सर्रकन घसरले आणि कूपनाथाच्या ओंजळीत पडले. शालीला थेंबही लागला नाही. राजा मनातल्या मनात स्वतःवर खूश झाला.

कूपनाथाने त्याचा हात धरून उताणा केला.

"राजा, तुझा हात कोरडा आहे."

"पाणी सोडले. ते तुझ्या ओंजळीत पडले. आणखी काय हवे?"

"दान हवे."

"दान झाले."

"झाले नाही," कूपनाथ म्हणाला. "तू पाण्याला अंगाशी लागू दिले नाहीस. आता तुझ्या राज्यातले पाणी कशाच्याच अंगाशी लागणार नाही. तुझ्या डोळ्यांतलेसुद्धा." एवढे बोलून त्याने ओंजळीतले पाणी आपल्या शंखात ओतले, शंखाला बूच मारले आणि तो सीमेपलीकडे निघून गेला.

शापाचे शेवटचे वाक्य राजाला सर्वांत जड गेले. त्याच्या डोळ्यांतले पाणी डोळ्यांत ठरेना. त्याचे मणी होऊन ते गालांवरून ओघळत आणि गालिच्यावर उड्या मारत दूर जात. प्रत्येक पापणी वाळूवरून घासल्यासारखी लवे. वैद्यांनी सांगितले, तळ्यातली हंगामाची शेवटची कमळे मिटण्याआधी डोळ्यांत ओल आली नाही तर दृष्टी जाईल. राजाने कूपनाथाकडे माणिकमोत्यांचे तबक धाडले. ते न उघडता परत आले. मग राजा तूप घेऊन पापण्यांना चोळत बसे आणि चूक कोणाची हा विषय निघाला की झोपेचे सोंग घेई.

राजाची एकुलती एक लेक चारुमती. रोज सकाळी ती बापाच्या पलंगाशी येई आणि राजा रोज विचारी, "आज कोणता रंग नेसलीस?" मग तो स्वतःच रंग सांगून त्यावर टीका करी. एके सकाळी तो म्हणाला, "हिरवा आज तुला खुलून दिसतो, चारु." चारुमतीने आपल्या साडीकडे पाहिले. ती पिवळी होती. पापण्यांवरचे तूप हलक्या बोटाने पुसून तिने बापाला पांघरूण घातले, आणि त्याच पावली ती राजवाड्याबाहेर पडली.

तळ्याकाठी वठलेल्या खोडावर एक पाणकावळा पंख पसरून बसला होता.

"पंख वाळवतोस?" चारुमतीने विचारले. "पण ते ओले कुठे आहेत?"

"सवय आहे, राजकन्ये," पाणकावळा म्हणाला. "आमच्या कुळाचे पंख पाणी पितात, म्हणून आम्हांला खोल बुडता येते. बदकांचे पीत नाहीत, म्हणून ती वरच डुलत बसतात. आता माझेही बदक झाले आहे. बुडी मारतो आणि बुचासारखा वर येतो. मासे हसतात."

"मी कूपनाथाकडे निघाले आहे. वाट ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. आणि येतोही. माशांचे हसणे आता सोसवत नाही."

दोघे निघाले. माळ ओलांडले, टेकड्या ओलांडल्या. राज्याच्या सीमेवर एक ओढा आडवा वाहत होता. त्याचा अलीकडचा काठ शापातला आणि पलीकडचा शापाबाहेरचा. चारुमतीने अलीकडे पाऊल घातले तेव्हा तिला पाणी नुसते गार लागले आणि पोटरीला त्याचा दाब जाणवला, बस्स. मधल्या खडकाच्या पुढे मात्र पाणी पायाला येऊन लगटले. साडीचा काठ जड झाला. पाऊल बाहेर काढले तरी ते मागोमाग आले, बोटांच्या बेचक्यांत थांबले, वाऱ्याने आणखी गार झाले. चारुमतीला इतका आनंद झाला की ती राजकन्या असल्याचे विसरून ओढ्यातच फतकल मारून बसली. पाणकावळ्याने तर बुडी मारली ती बराच वेळ वर आलाच नाही. आला तेव्हा त्याच्या चोचीत मासा होता आणि तो मासा हसत नव्हता.

कूपनाथ एका जुन्या बारवेत राहत होता. बारवेच्या पायऱ्या शेवाळलेल्या, आणि त्याची दाढीही शेवाळलेली. शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून तो बसला होता.

"धवलकीर्तीची लेक," तो वळूनही न पाहता म्हणाला. "तबक आणले आहेस का?"

"नाही. मी काहीच आणले नाही. आबांचे डोळे चालले आहेत."

कूपनाथाने शंख पुढे ठेवला. "पाण्याला दोन ओढी असतात. एक आपल्या कुळाची, दुसरी परक्याची. परक्याची ओढ मी या शंखात कोंडली आहे. पण तुझ्या घरात पाणी म्हणजे डाग पाडणारी वस्तू, एवढेच सर्वांना ठाऊक. ज्याला पाण्याचा स्वभाव कळत नाही त्याच्या हाती मी हे देणार नाही. तीन कामे करशील?"

"करीन."

बारवेच्या कोनाड्यात, पाण्यापासून वीतभर उंचीवर, मोगऱ्याचे एक रोप कुंडीत सुकत होते. कूपनाथ म्हणाला, "याला पाणी दे. भांडे नको, ओंजळ नको, शिंपडणे नको. पाण्याने आपल्या पायांनी वर चढावे."

"पाण्याला पाय नसतात," पाणकावळा पुटपुटला.

चारुमती विचार करत बसली. बसल्या बसल्या तिची नजर स्वतःच्या साडीकडे गेली. ओढ्यात भिजलेली साडी वाटेत वाळली होती. आता बारवेच्या पाण्यात टेकला होता तो फक्त काठ, पण ओल गुडघ्यापर्यंत आली होती, कोणी चढवली नसताना. तिने पदराची एक पट्टी फाडली, पिळून तिची वात केली, एक टोक पाण्यात सोडले आणि दुसरे कुंडीतल्या मातीत खोचले. पाणी वातीला चिकटले, आणि पुढचे पाणी मागच्याला ओढत वर निघाले. सुताच्या फटी जितक्या बारीक तितके ते उत्साहाने चढत होते. सावल्या कललेल्या असताना मोगऱ्याने मान वर केली.

कूपनाथ हुंकारला आणि त्याने दाढीतून एक लोखंडी सुई काढली. "हिला पाण्यावर निजव."

सुई ठेवली, ती बुडाली. पाणकावळ्याने ती तळातून आणून दिली. पुन्हा ठेवली, पुन्हा बुडाली. चारुमती मंत्र म्हणून पाहू लागली, विनवू लागली, सुईवर रागावलीही. प्रत्येक वेळी पाणकावळा खाली जाई आणि वर येताना त्याचा चेहरा आणखी आंबट होई. शेवटी तो म्हणाला, "राजकन्ये, सुई टाकू नकोस. ठेव. ते बघ." बारवेच्या कोपऱ्यात लांब पायांचे किडे पाण्यावर फिरत होते, त्यांच्या पायांखाली पाणी किंचित खोलगट होत होते पण फाटत नव्हते.

चारुमतीने सुई आपल्या तेलकट केसांतून फिरवली, गवताच्या दोन काड्यांवर आडवी धरली आणि काड्या अलगद खाली घेतल्या. सुई पाण्यावर निजली. तिच्या भाराने पाणी वाकले, आणि तसेच ताणून राहिले.

"का बुडाली नाही?" कूपनाथाने विचारले.

"पाण्याच्या कणांनी एकमेकांचे हात धरले आहेत. टोकाने खुपसले तर ते सुटतात. आडवे, हळू ठेवले तर उचलून धरतात."

"ही झाली कुळाची ओढ," कूपनाथ म्हणाला. त्याचा आवाज मघापेक्षा मऊ होता. त्याने काठचे अळूचे एक पान खुडून तिच्यापुढे धरले. "आता हे ओले कर. खरवडू नको, चुरगळू नको."

पानावर पाणी घातले तर ते घरंगळले. पान पाण्यात बुडवले तर पाण्याखाली ते चांदीसारखे चमकले आणि कोरडे वर आले. चारुमतीने पान डोळ्यांजवळ नेले. त्यावर मेणाची बारीक साय होती आणि त्या मेणावर बारीक उंचवटे, जणू पाण्याला टेकायला जागाच ठेवलेली नाही. तिला आपल्या बापाचा तळवा आठवला आणि तिचा चेहरा उतरला. "हे पानही आबांसारखेच आहे," ती म्हणाली.

"नाही," कूपनाथ म्हणाला. "पान जन्मतः असे आहे. त्याने कोणाला काही द्यायचे कबूल केलेले नाही."

चारुमतीला ते लागले, पण त्यातच तिला वाटही दिसली. पान बदलायचे नव्हते. मग पाणीच थोडे बदलायला हवे. पाणी पानाला धरत नव्हते, कारण आपल्याच लोकांना ते फार घट्ट धरून होते. ही मिठी सैल व्हायला हवी. बारवेवर रिठ्याचे झाड होते. तिने खाली पडलेले रिठे वेचले, फोडले, पाण्यात चोळले. फेस आला. ते पाणी तिने पानावर सोडले. थेंब क्षणभर गोल बसला, मग त्याचा ताठा गेला आणि तो पसरट होत होत पानभर पसरला. पान गर्द हिरवे झाले, आणि ओले.

कूपनाथाने पान हातात घेऊन पुष्कळ वेळ पाहिले. "आता एवढे सांग. ओले म्हणजे काय?"

"ओढ्यात माझा पाय एकदा पाण्यात होता तरी ओला नव्हता," चारुमती सावकाश म्हणाली. "म्हणजे ओलेपण नुसत्या पाण्यात नसते. पायात तर नसतेच. पाणी पायाला धरून राहते, त्यावर पसरते, सरकते, वाऱ्याने गार होते, आणि या सगळ्याला मिळून आपण ओले म्हणतो. दोघे भेटले तरच ते असते."

कूपनाथाने शंख तिच्या हाती दिला. "हे पाणी त्याच तळव्यावर ओतायचे, ज्याने त्याला झिडकारले. तिथे ते टिकले तर ओढ राज्यात परत येईल. घरंगळले तर गेली. मग ती मलाही परत आणता येणार नाही."

"एकदाच?"

"एकदाच."

ती परतली तेव्हा तळ्यात शेवटची कमळे पाकळ्या मिटत होती. राजा आवाजाच्या दिशेने तोंड वळवून बसला होता. "चारु, पाऊल तुझेच ना?" त्याने विचारले, आणि चारुमतीला समजले की आबांना आता आकारही दिसत नाही.

तिने सगळे सांगितले. राजाने निमूटपणे उजवा हात पुढे केला. चारुमतीने डाव्या हाताने तो धरला, बूच काढले, शंख कलता केला. पाणी शंखाच्या ओठाशी आले आणि तिथे लोंबू लागले. तेवढ्यात तिचा अंगठा बापाच्या तळव्यावरून घसरला.

तिने शंख सरळ केला. तिच्या कपाळावर घाम आला होता.

"आबा, तुमच्या हातावर अजून मेण आहे. आणि हे रोजचे तूप."

दास धावले. रिठे आले, पण रिठ्याला पाणी लागते आणि तिथले पाणी तर कशालाच शिवत नव्हते. राख चोळली, हरभऱ्याचे पीठ चोळले. तूप बरेच गेले. हाताच्या रेषांत मेण मात्र तसेच चकाकत राहिले. जाडेभरडे फडके आणले, तरी ते मेण रेषांतून निघेना. आणि हात स्वच्छ झाला की नाही हे अजमावायला राज्यात दुसरा ओला थेंब नव्हता. खिडकीबाहेर कमळे मिटत होती. चारुमतीला रडू येऊ लागले.

"माझी डाळिंबी शाल आणा," राजा म्हणाला.

दास एकमेकांकडे पाहू लागले.

"तुपामेणाचा डाग कशात मुरतो, हे माझ्याहून कोणाला ठाऊक असणार?" राजा म्हणाला. "तलम लोकर ते ओढून घेते आणि पुन्हा सोडत नाही. म्हणून तर मी तिला ताटाजवळ नेत नव्हतो. शेगडी पेटवा."

त्याने तळवा निखाऱ्यांवर धरला, मेण पाघळेपर्यंत धरला, भाजले तरी काढला नाही. मग शाल मुठीत घेऊन तो स्वतः रेषा न् रेषा पुसू लागला. शालीवर काळपट डाग पडत गेले आणि ती बोळ्यासारखी झाली. राजाने पुन्हा हात शेकला, शालीचा दुसरा पदर घेतला, पुन्हा पुसले. पुसता पुसता तो खाली मान घालून म्हणाला, "चूक माझीच होती, चारु. मला त्याच दिवशी कळली होती." ती जेव्हा हात चाचपू लागली तेव्हा तो लाल आणि खरखरीत झाला होता, आणि तिचा अंगठा कुठेच घसरला नाही.

"आता ओत," राजा म्हणाला. "तळ्याकाठची जांभळीची राई मी कूपनाथाला दिली."

पाणी पडले. तळव्याच्या मध्यावर त्याचा फुगीर गोळा झाला आणि तो थरथरत तसाच राहिला. चारुमतीने श्वास रोखला. मग गोळा खचला, एका रेषेत शिरला, तिथून दुसऱ्या रेषेत, आणि बोटांच्या पेरांपर्यंत पसरला. राजाने हात उलटा केला. थेंब खाली पडले, पण हातावर पाणी उरले.

"गार आहे," राजा म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "नुसते गार नव्हे. ओले आहे."

त्याच क्षणी बाहेर एकच गलका उठला. परटाच्या घाटावर धुणी पाणी पिऊ लागली, रंगाऱ्याच्या कढईत लुगडी लाल, निळी, पिवळी झाली. गोट्या खेळणारी मुले चिंब झाली आणि आयांची बोलणी खाऊ लागली. शेतात पाऊस ढेकळांत मुरला, आणि मातीचा वास राजवाड्यापर्यंत आला. पाणकावळा तळ्यात शिरला तो तळाला जाऊनच थांबला, आणि त्या दिवशी माशांमध्ये मोठी पळापळ झाली. पुढे कूपनाथ जांभळीच्या राईत राहायला आला आणि मुलांना तोंडे निळी करून घ्यायला त्याने कधी मनाई केली नाही. पण ते पुढे. त्या वेळी राजा नुसता बसून होता.

त्याने पापणी मिटली आणि उघडली. ती घासली नाही. पुन्हा मिटली, पुन्हा उघडली. धुक्यातून आधी एक पिवळा रंग आला, मग त्या पिवळ्या साडीवरची धूळ, मग उन्हाने रापलेला एक चेहरा, जो आपल्याकडे टक लावून पाहत होता.

"किती वाळलीस ग," राजा म्हणाला. त्याचे डोळे भरले, आणि भरलेलेच राहिले. मग ते पाणी गालांवरून उतरले, दाढीत शिरले, गळ्याशी आले आणि अंगरख्याच्या पांढऱ्या रेशमावर पसरू लागले. एक दास घाईघाईने रुमाल घेऊन पुढे झाला.

"राहू दे," राजा म्हणाला. "पुसू नकोस."

अशी ही कहाणी. ऐकणाऱ्याच्या शेतात ओल राहो, आणि सांगणाऱ्याच्या घशाला कोरड न पडो.